साठवणीची बचत आणि किडींचे चक्रवाढ व्याज

बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग एकेकाळी गावांचा आणि शेतांचा होता. 2007 साली तो महानगरपालिकेत समाविष्ट झाला. आज व्हाइटफील्डपासून बाह्य वळणरस्त्यापर्यंत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती आणि बहुमजली गृहसंकुले तेथे दाटीने उभी आहेत. नोकरीनिमित्त आलेली सोलापूर, लातूर, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील अनेक मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली आहेत. पगार वरून मोठा दिसत असला तरी त्याला वाटाही तितक्याच फुटतात. 2024 च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, तेव्हा पाण्याची सर्वाधिक ओढ सोसणाऱ्या भागांत महादेवपुऱ्याची गणना झाली. त्या मार्चमध्ये प्रशासनाला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले. बारा हजार लिटरच्या टँकरला पाच किलोमीटरच्या आत 1,000 रुपये आणि दहा किलोमीटरपर्यंत 1,200 रुपये असा तो दर होता, वस्तू व सेवा कर वेगळा.

अशा घरात घरभाडे कमी करता येत नाही, शाळेचे शुल्क कमी करता येत नाही आणि पाणी तर टाळताच येत नाही. हात आखडता घेता येतो तो किराण्यात. म्हणून आई-आजीची जुनी रीत पुन्हा वापरात येते, ती म्हणजे वर्षाचे धान्य एकदम भरण्याची. सुगीनंतर गावाकडून गहू, ज्वारी, तूरडाळ, हरभरा मागवायचा आणि वर्षभर बाजारभावाच्या चढउतारापासून निश्चिंत राहायचे. दुसऱ्या टोकाला तेच धान्य पिकवणारे कुटुंबही तशाच विवंचनेत असते. सुगीत भाव पडलेला असतो, म्हणून शक्य तितका माल घरात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहायची. एक कुटुंब भाव वाढण्याच्या भीतीने साठवते आणि दुसरे भाव वाढण्याच्या आशेने. अनिश्चिततेला तोंड देण्याचे हे दोन्ही उपाय एकाच गोष्टीवर उभे आहेत: ठेवलेला दाणा सहा-आठ महिन्यांनी दाणाच राहिला पाहिजे. लुधियाना येथील केंद्रीय कापणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार काढणीपासून साठवणीपर्यंत तृणधान्यांची सुमारे 4.65 ते 5.99 टक्के आणि कडधान्यांची 6.36 ते 8.41 टक्के हानी होते. ही सरासरी आहे. एखाद्या घराचे नुकसान सरासरीने होत नाही. काही घरांत ते शून्य असते, तर काही घरांत अर्धे पोते जाते.

भुंगेऱ्याचे गणित

तुरीतील भुंगेरा, म्हणजे कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस, पुष्कळदा कोठीत जन्मत नाही, तो शेतातूनच येतो. पक्व शेंगांवर मादी अंडी घालते आणि काढणी व मळणी लांबली की हे प्रमाण वाढते. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते व आतच वाढते. बाहेरून दाणा निरोगी दिसतो. अनुकूल हवामानात सुमारे महिनाभरात पिढी पूर्ण होते आणि प्रौढ भुंगेरा गोल छिद्र पाडून बाहेर पडतो. एक मादी सत्तर-ऐंशी अंडी सहज घालते.

समजा, एक क्विंटल तुरीत फेब्रुवारीअखेर एकच फलित मादी आहे. तिच्या ऐंशी अंड्यांपैकी केवळ वीस भुंगेरे जगले आणि त्यांत दहा माद्या निघाल्या, असे धरू. मार्चअखेर वीस दाण्यांना छिद्रे पडतील, एप्रिलअखेर दोनशे, मेअखेर दोन हजार, जूनअखेर वीस हजार आणि जुलैअखेर दोन लाख. क्विंटलभर तुरीत साधारण दहा लाख दाणे असतात. म्हणजे मेअखेर छिद्रित दाण्यांचे प्रमाण हजारात दोन भरते आणि कोणाच्याही ध्यानात येत नाही; जूनअखेर ते दोन टक्के होते आणि जुलैअखेर वीस टक्के. हे कागदावरचे गणित आहे. प्रत्यक्षात मराठवाड्यातील मेमधील प्रखर उष्णतेने वाढ मंदावते आणि दाटी झाल्यावर ती आपोआप घटते. परंतु वक्र याच आकाराचा असतो. ‘गेल्या आठवड्यापर्यंत तूर चांगली होती’ हे वाक्य विस्तार कार्यकर्त्यांना दर पावसाळ्यात ऐकावे लागते, त्याचे कारण हेच.

ही हानी पैशांत मांडून पाहावी. 2025-26 चा तुरीचा हमीभाव प्रतिक्विंटल 8,000 रुपये धरला, तर दहा क्विंटल तुरीचे मूल्य 80,000 रुपये होते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबवीत आहे. तीत तुरीसारख्या मालावर मूल्याच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्के वार्षिक व्याजाने मिळते. 60,000 रुपयांवर सहा महिन्यांचे व्याज 1,800 रुपये, म्हणजे क्विंटलमागे 180 रुपये. हीच तूर घरात ठेवली आणि भुंगेऱ्याने वजनात केवळ तीन टक्के घट केली, तर क्विंटलमागे 240 रुपये गेले. छिद्रित मालाला व्यापारी जो भाव पाडून मागतो ते नुकसान निराळेच. सावकाराच्या व्याजाची भीती बाळगणारे कुटुंब किडीला त्याहून अधिक व्याज भरत असते, फक्त त्याची पावती मिळत नाही.

भाव वाढेलच याची शाश्वती नसते, हेही लक्षात घ्यावे. ऑक्टोबर 2015 मध्ये शहरांत तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. पुढच्या हंगामात पेरा वाढला, विक्रमी उत्पादन झाले आणि 2017 च्या आरंभी तूर 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली गेली. आदल्या वर्षीचा भाव मनात धरून ज्यांनी तूर राखली, त्यांना बाजाराने फटका दिला आणि पावसाळा लागताच भुंगेऱ्यानेही. बाजारभाव कुटुंबाच्या हाती नाही, पण दाण्यातील ओलावा निश्चितपणे आहे.

महादेवपुऱ्यातील पोते

आता तेच पोते रात्रीच्या बसने किंवा मालवाहतुकीने महादेवपुऱ्यातील सातव्या मजल्यावर पोहोचल्यानंतर काय होते ते पाहू. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथे मराठवाड्यासारखा 42 अंशांचा उन्हाळा नाही आणि अळ्यांची वाढ थांबेल अशी थंडीही नाही. माणसाला जे हवामान सुखद वाटते, तेच भुंगेरा, सोंडकिडा आणि पिठातील तांबडा भुंगेरा यांनाही मानवते. शिवाय वाळवणाला अंगण नसते, गच्ची सामाईक असते आणि धान्य ठेवले जाते ते स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, जेथे वाफ व दमटपणा असतो. गावी जी साठवण सहा महिने टिकते, ती येथे तीन महिन्यांत बिघडू शकते.

बचतीचा हिशेबही त्यामुळे उलटतो. समजा, चौघांच्या कुटुंबाने 30 किलो तूरडाळ व 120 किलो गहू थेट शेतकऱ्याकडून घेतला आणि दुकानाच्या तुलनेत डाळीत किलोमागे 30, तर गव्हात 8 रुपये वाचले. एकूण बचत 1,860 रुपये. पावसाळ्यात 140 रुपये किलोची 8 किलो डाळ आणि 40 रुपये किलोचा 12 किलो गहू टाकून द्यावा लागला, तर 1,600 रुपये गेले. उरलेल्या 260 रुपयांत वाहतूकही भागत नाही. त्याहून मोठे नुकसान शेतकऱ्याचे होते, कारण असे कुटुंब पुढच्या वर्षी त्याला दूरध्वनी करीत नाही.

भीतीपोटी मग गोळ्यांचा आधार घेतला जातो. याबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू जीवघेणा असून राहत्या घरात त्यांचा वापर कोणत्याही परिस्थितीत करू नये. ते काम हवाबंद गोदामात प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीचेच आहे. बंद सदनिकेत हा धोका अनेक पटींनी वाढतो. गव्हात पाऱ्याच्या गोळ्या ठेवण्याची चालही महाराष्ट्रात रूढ आहे. पारा हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो, गोळी फुटली तर धान्यातही, आणि तो शरीरात साठणारे विष आहे. बोरिक पावडर चोळलेली डाळ धुऊन घेतली जाते हे खरे, परंतु धुणे पुरेसे झाले की नाही हे ठरवण्याचे साधन घरात नसते. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षे चालते’ हा पुरावा होऊ शकत नाही.

पूर्वजांचे पेव आणि आजची पिशवी

सोलापूर आणि मराठवाड्यात ज्वारी पेवांत साठवली जात असे. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे तर प्रसिद्ध आहेत; 2005 च्या कृष्णेच्या महापुरात त्यांचे मोठे नुकसान झाले. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा नियम जुन्या माणसांना पाठ असे, कारण आतील हवेत प्राणवायू उरलेला नसे. माणसाला धोकादायक असलेली हीच स्थिती धान्य टिकवीत होती, कारण किडीही श्वास घेतात.

आजच्या तीन थरांच्या हवाबंद पिशवीचे तत्त्व नेमके हेच आहे. बाहेर विणलेले पोते आणि आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने कॅमेरूनमधील चवळी साठवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत विकसित केली. पिशवी घट्ट बांधली की आतील किडी व दाणे प्राणवायू वापरून टाकतात; अळ्यांचे खाणे काही दिवसांत थांबते आणि त्या पुढे मरतात. कोणतेही औषध लागत नाही. मात्र दोन पथ्ये आहेत. धान्य पुरेसे कोरडे नसेल तर त्यास बुरशी लागते आणि वरचेवर उघडली तर पिशवी निरुपयोगी ठरते. म्हणून शहरी ग्राहकाला पन्नास किलोचे एक पोते देण्यापेक्षा पाच-दहा किलोच्या हवाबंद पिशव्या द्याव्यात. एक उघडावी आणि ती संपल्यावरच दुसरी.

कोरडेपणाचा निकष तृणधान्यांसाठी 12 टक्क्यांच्या आत व कडधान्यांसाठी 9 ते 10 टक्के ओलावा हा आहे. ओलावामापक नसल्यास मिठाची परीक्षा सांगितली जाते: कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ व धान्य घालून हलवावे, पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटले तर धान्य ओले. परंतु ही परीक्षा सुमारे 15 टक्क्यांच्या वरचाच ओलावा दाखवते. मीठ चिकटले नाही म्हणजे तूर साठवणीस योग्य झाली, असा अर्थ घेऊ नये. शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनीने एक ओलावामापक सामाईक घेणे हा खर्च पहिल्याच हंगामात भरून निघू शकतो.

वाळवताना खाली काळे कापड, वर तुरीचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दाबल्या, तर दुपारच्या चार-पाच तासांत आतील तापमान 55 ते 60 अंशांपर्यंत जाते व दाण्यातील अळ्याही मरतात. बियाण्यासाठी ठेवायच्या दाण्यांना ही रीत लावण्यापूर्वी थोड्या दाण्यांची उगवण तपासावी.

ग्राहकासाठी अख्ख्या तुरीपेक्षा डाळ करून विकणे कीडशास्त्राच्या दृष्टीनेही हिताचे आहे. भुंगेऱ्याच्या मादीला अंडी घालण्यास गोल, गुळगुळीत, अख्खा दाणा लागतो. फोडलेल्या डाळीत अळी सहसा तगत नाही. भरडताना दाण्यातील अळ्याही नष्ट होतात. उन्हाळ्यात घरोघरी जात्यावर डाळी करण्याच्या प्रथेत हे शहाणपण होतेच. डाळीत पिठातील तांबडे भुंगेरे आणि जाळी करणारे पतंग मात्र येऊ शकतात, म्हणून कणी व भुकटी चाळून काढावी. अख्ख्याच कडधान्यास किलोमागे पाच ते सात मिलिलिटर खाद्यतेल एकसारखे चोळल्यास अंडी गुदमरतात व नवी नीट चिकटत नाहीत.

कीड लवकर ओळखण्यासाठी कोईमतूर येथील तामिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला छिद्रित नळीचा सापळा उपयुक्त आहे. धान्यात तो उभा खोचला की हवेच्या दिशेने फिरणारे भुंगेरे छिद्रांतून आत येऊन खालच्या नळीत पडतात. आठवड्याला दोन भुंगेरे सापडले, तरी वरील गणितात आपण एप्रिलमध्ये आहोत की जूनमध्ये, याचा अंदाज येतो आणि माल तेव्हाच विकायचा की तापवून ठेवायचा हे ठरवता येते. सदनिकेत सापळ्याची गरज नाही. पंधरा दिवसांनी किलोभर धान्य चाळणीतून पांढऱ्या कागदावर चाळावे. ऊन नसल्यास दोन-दोन किलोच्या पिशव्या घरच्या फ्रीजच्या बर्फकप्प्यात चार दिवस ठेवल्याने अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यावर दव धरते. तळमजल्यावरील घरांनी धान्य उंचावर ठेवावे. सप्टेंबर 2022 च्या अतिवृष्टीत महादेवपुऱ्याच्या सखल वसाहतींत पाणी शिरले होते.

थेट विक्री करणाऱ्या गटांनी पिशवीवर काढणीचा महिना, भरतेवेळचा ओलावा आणि केलेली प्रक्रिया मराठीत लिहावी. सोबत एक सूचना अवश्य द्यावी: जुन्या धान्याचा तळ नव्यात मिसळू नये. डबा किंवा कोठी रिकामी करून सांध्यांतील पीठ ब्रशने काढावे, कडक उन्हात तापवावी आणि मगच भरावी, कारण खापरा भुंगेऱ्याची अळी अशा फटीत अन्नावाचून महिनोन्महिने निपचित पडून राहते आणि नवा गहू येताच खाऊ लागते.