पदवी आणि पेढी यांची गाठ कशी पडेल?

बी.कॉम. झालेला एक होतकरू मुलगा कामासाठी आमच्या पेढीवर आला होता. गुण चांगले होते. आम्ही त्याला साधा हिशेब विचारला : लूम मिनिटाला 150 पिक टाकतो, कापडात इंचाला 60 पिक आहेत, तर दहा तासांत कापड किती निघेल? मुलगा गप्प राहिला. 'कॉस्टिंग'ची व्याख्या मात्र त्याला तोंडपाठ होती.

हिशेब असा. तासाला 9000 पिक पडतात. मीटरमध्ये 39.37 इंच, म्हणून मीटरला सुमारे 2362 पिक लागतात. म्हणजे तासाला 3.81 मीटर. धागा तुटणे, कांडी बदलणे यात वेळ जातो. 80 टक्के काम धरले तर तासाला 3 मीटर, दहा तासांत 30. जो 38 मीटर धरून भाव देतो, तो घरचे पैसे घालतो.

दोष त्या मुलाचा नाही. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेली आपली मुले कॉलेजात इंग्रजी पुस्तके पाठ करून पास होतात. आणि आम्ही व्यापारी? 'पदवीधर कामाचे नाहीत' अशी तक्रार आम्ही रोज करतो, पण आम्हाला काय हवे ते कॉलेजला जाऊन कधी सांगितले?

आता वाट मोकळी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवीच्या नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही श्रेयांक आहेत. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालील नियम 2019 मध्ये बदलले, तेव्हा 4 माणसांच्या पेढीलाही शिकाऊ उमेदवार घेण्याची मुभा मिळाली. 30 किंवा अधिक माणसे असतील तर ते बंधनकारक झाले.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी कराव्यात :

1) जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून सुताचा काउंट, विणाईखर्च, जीएसटी व उधारवसुली यांचे खरे हिशेब अभ्यासाला द्यावेत.

2) शिकाऊ मुलाला विद्यावेतन द्यावे, त्याला चहा आणायला ठेवू नये.

3) प्राध्यापकांना आठवडाभर कारखान्यात बोलवावे.

मात्र पदवी म्हणजे आमच्या पेढीचा मुनीम घडविणे नव्हे. उद्या लूम बंद पडले तरी मुलाला दुसरीकडे उभे राहता आले पाहिजे. त्यासाठी भाषा, कायदा आणि हिशेबाची मूळ तत्त्वे कॉलेजनेच पक्की करावीत.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिणारा तयार करणे हीदेखील आपलीच जबाबदारी नव्हे काय?