टोपडे लहान पडले

आमचे अग्रवाल घराणे तीन पिढ्यांमागे देऊळघाटी येऊन स्थिरावले. बोली मारवाडी, तथापि उधारीचा तगादा आणि भांडण मराठीतच करण्याचा घरात प्रघात आहे. पैनगंगेच्या उगमाजवळच्या या गावी हयातभर गजाने कापड मोजणाऱ्या मला सख्ख्या नातवाचे मस्तक मोजण्याची बुद्धी झाली नाही, ही कबुली प्रथम देतो. वर्षभर पुरावे म्हणून ऐसपैस शिवलेले टोपडे सहाव्या महिन्यातच कानांवर उतरेना, तेव्हा ‘बॅरिस्टराचं डोकं आहे’ म्हणून त्याची आजी दृष्ट काढीत असे.

तो उशिरा चालला, तोही झोकांड्या खात. परंतु बोलणे असे चतुर, की आमची शंका तिथेच विरे. चौथ्या वर्षी हातभर उंचीच्या ओट्यावरून पडल्याचे निमित्त होऊन आकडी आली, आणि पाय पूर्ववत झालेच नाहीत. मुंबईस एमआरआय झाला, तेव्हा मेंदूतील श्वेतद्रव्य पाण्याने फुगल्याचे व कानशिलांकडे पोकळ गाठी झाल्याचे दिसले. नेदरलँड्सच्या व्हान देर क्नाप यांनी १९९५ साली वर्णिलेला हा विकार. अग्रवालांतील रुग्णांची हकीकत बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. सिंघल व सहकारी यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली, आणि २००१ साली एमएलसी१ हे जनुक हाती लागले.

मी सूनबाईस बोल लावला होता. तो सर्वस्वी अन्याय. सोयरीक जुळविताना आम्ही गोत्राची कसोशीने खातरजमा केली. पण गोत्र पित्याकडून मोजतात, जनुक उभयतांकडून येते, आणि फार जुन्या एकाच पूर्वजाचा दोष गोत्राची हद्द मानीत नाही. आईबाप निरोगी वाहक असले, म्हणजे प्रत्येक गर्भास चारांत एक संभव.

अर्भकाचे डोके दरमहा फितीने मोजून लसीच्या कार्डावर नोंदवावे. ते भराभर वाढते आणि चाल मागे पडते असे दिसल्यास ‘अशक्तपणा’ या निदानावर वर्ष दवडू नये, आम्ही दवडले. रोग हटविणारे औषध नाही. आकडीची गोळी मात्र चुकवू नये, आणि डोक्यास किरकोळ मारही लागू देऊ नये. अग्रवालांत बहुतांशी एकच फेरफार आढळत असल्याने वाहकाची रक्ततपासणी सुकर आहे. दोघेही वाहक निघाल्यास पुढील खेपेस अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना तपासता येतो. मुलीचे वाहकपण हे व्यंग समजून सोयरीक मोडणाऱ्यांशी मी तरी व्यवहार ठेवीत नाही.

नातू आता नऊ वर्षांचा आहे. गादीवर बसून गिऱ्हाइकाची बेरीज माझ्याआधी तोंडी सांगतो, आणि उठायचे झाले की प्रथम हेल्मेट मागतो, मग माझा हात.