डॉक्टरांना विचारायचा सराव

२०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, खाडा परवडत नाही. डॉक्टर म्हणाले "काढून टाका" की बाई मान डोलावते. नर्स असताना संमतीच्या कागदावर मीही अंगठे घेतले. तुला काय समजलं, हे विचारलं नाही.

विचारणं शिकावं लागतं, ते एकटीनं जमत नाही. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यांत दलित बायाही होत्या. सगळ्या जातींच्या बाया एकत्र बसायच्या, जेवायच्या, गावात काय घडलं ते एकमेकींना सांगायच्या. त्यातूनच त्या बोलत्या झाल्या.

कारखान्याला निघण्याआधी आपणही विहारात बसू. एक डॉक्टर, एक पेशंट, बाकीच्या बघणार. पेशंटनं विचारायचं: आजार कोणता? सोनोग्राफीत काय निघालं? गोळ्यांनी बरं होईल का? थांबले तर काय होईल? अंडाशयही काढणार का? (तेही काढलं तर कमी वयातच हाडं ठिसूळ व्हायला लागतात.) कॅन्सरसारख्या आजारात पिशवी काढावी लागते, पण ते कारणही सांगून घ्यावं.

मग बघणाऱ्यांनी सांगायचं, आवाज कुठं बसला, नवऱ्याकडं कधी पाहिलं. हसू येतं, येऊ द्या. सासू-सुनेची जोडी मात्र लावू नका, सून बोलतच नाही.

मागच्या खेपेला मी डॉक्टर झाले आणि तिसऱ्याच प्रश्नाला खेकसले. ते एका आजीनं मला दाखवून दिलं.