चाबी अडते तेव्हा

साकोलीत मोटारसायकलवाचून दिवस ढळत नाही. रोवणीच्या मजुरांचा डबा, मिलवर धानाची चौकशी, रात्रीबेरात्री दवाखाना, सगळं तिच्यावरच. तिच्या चाबीचं लॉक दिवसातून कितीदा तरी हाताखाली येतं, पण त्याच्या आत काय आहे हे ते अडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

१. चाबी फिरत नाही तेव्हा आधी हँडलकडे पाहावं. हँडल वाकडं करून लॉक केलं आणि पुढचं चाक दगडाला टेकून राहिलं, की आतला बोल्ट खाचेत ताणून बसतो. मग चाबीवर कितीही जोर लावला तरी तो सुटत नाही. चाबी मात्र पिळते. आमच्या मिस्त्रीनं एका हातानं हँडल किंचित डावी-उजवीकडे डोलवलं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी चाबी फिरवली, आणि म्हणाला, "भाऊ, जोर लावू नोका." दुरुस्ती एवढीच होती. त्याच्या बोटांचा हलकेपणा मी अजून शिकतो आहे.

२. तेल हे प्रत्येक अडलेल्या गोष्टीवरचं औषध नाही. लॉकच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या आणि त्यांच्याखाली केसासारख्या स्प्रिंगा असतात. योग्य चाबी गेली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि मधला गाभा फिरतो. एकही पट्टी वर अडकली तर फिरत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात मुरमाची धूळ, हंगामात मिलचा कोंडा. त्यावर घट्ट तेल पडलं की आत चिखलच तयार होतो. आधी साफ करायचा स्प्रे मारून घाण बाहेर काढावी, वाळू द्यावं, मग ग्रेफाइटची कोरडी पूड. पूड नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं चाबीच्या दातांवर घासलं तरी चालतं. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या लॉकवर झाकण हवंच. पितळ टिकतं, स्प्रिंगा गंजतात.

३. रोजची चाबी हळूहळू खरी चाबी राहत नाही. तिचे दात झिजतात, लॉकच्या पट्ट्याही झिजतात. आपण त्याच झिजलेल्या चाबीवरून नवी पाडून घेतो, तेव्हा तिच्यासोबत ती झीजही उतरते. गाडीसोबत मिळालेली दुसरी चाबी कपाटात कोरी पडलेली असते. नवी पाडायची तर तिच्यावरूनच. ती लावून पाहिली आणि लॉक फिरलं, तर लॉकचा दोष नाही हेही तिथल्या तिथे कळतं. मला धक्का बसला तो याच झिजेच्या दुसऱ्या बाजूचा. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावाबाहेर एकसारख्या काळ्या गाड्यांची रांग लागते, आणि रात्रीचं नाटक सुटल्यावर कुणीतरी अंधारात भलत्याच गाडीला चाबी लावतो. ती लागतेही! जे लॉक मालकाला अडवतं, तेच झिजल्यावर परक्याला आत घेतं. म्हणून चाबी "थोडीशीच" अडते तेव्हाच लक्ष द्यावं, असं मला कळकळीनं वाटतं.

४. लॉक आणि स्विच या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चाबी छान फिरते, पण न्यूट्रलचा दिवा लागत नाही, तेव्हा बिघाड बहुधा लॉकखालच्या स्विचच्या प्लेटमध्ये असतो. तिच्यावरचे तांब्याचे टिपके काळे पडतात. बॅटरीची तार काढून, प्लेट उघडून, बारीक पॉलिश पेपरनं पुसावे लागतात. यात एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. किकवर चालणाऱ्या जुन्या १०० सीसी गाड्यांत ठिणगीसाठीची वीज मॅग्नेटोकडून येते, बॅटरीकडून नाही. तिथे चाबी बंद करणं म्हणजे तार तोडणं नसतं. उलट इग्निशनची तार चेसिसला जोडली जाते आणि ठिणगी तिथेच जिरते. म्हणून हेडलाइटमागचा स्विचचा कपलर काढला, तर चाबी मोडलेली असतानाही गाडी किक मारून घरी नेता येते. अडल्या रात्री हे माहीत असणं मोलाचं, आणि गाडी चोरणं किती सोपं आहे हेही त्यातूनच कळतं. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा उपाय चालत नाही.

५. घर, गोठा, मोटारपंपाची पेटी, सगळ्यांच्या चाब्या एका कड्यात नकोत. खड्ड्यांतून जाताना ते सगळं वजन लॉकमध्ये हिंदकळतं.

६. बदलायचंच ठरलं तर पूर्ण संच घ्यावा. त्यात इग्निशन, पेट्रोल टाकीचं झाकण आणि बाजूचं लॉक एकाच चाबीचे असतात. पण पैसे वाचवायला नुसतं इग्निशनच बदललं जातं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. धान विकायच्या आधीच्या महिन्यांत तेवढंच परवडतं. आमच्या भागातल्या कितीतरी जुन्या गाड्यांच्या मालकांकडे म्हणूनच दोन चाब्या असतात: एक गाडी सुरू करायची, एक टाकी उघडायची.