शार्पन : टोक काढायचं की धार लावायची?

आज 'शार्पन' हे इंग्रजी क्रियापद बघूया. मुलं वहीत 'आय शार्प माय पेन्सिल' असं सर्रास लिहितात. ते चूक आहे. शार्प हे विशेषण, म्हणजे टोकदार, धारदार. त्याच्या शेवटी ई आणि एन ही अक्षरं जोडली की 'तसं करणे' हा अर्थ येतो, म्हणून 'आय शार्पन माय पेन्सिल'. उच्चार शार्पन करा, शार्पेन नको. त्यात पेन नाही!

डार्क-डार्कन, शॉर्ट-शॉर्टन, स्वीट-स्वीटन हे याच जातीचे. सॉफ्टपासून झालेल्या शब्दात टी लिहितात, पण बोलताना बहुतेक 'सॉफन' म्हणतात. लाँगचं मात्र लाँगन होत नाही. तिथे लेंग्थ या नामापासून लेंग्थन होतं, तसंच स्ट्रेंग्थन.

खरी गंमत अर्थात आहे. शब्दकोशात 'धार लावणे' वाचलं की मुलं पेन्सिलीलाही धार लावून मोकळी होतात. आपण पेन्सिलीला टोक काढतो, विळीला धार लावतो, तलवार पाजवतो. आणि चुकून 'धार काढली' लिहिलं तर थेट गोठ्यात गाईखाली बसावं लागेल! इंग्रजीत या सगळ्या वस्तूंना, गाय सोडून, शार्पन हे एकच क्रियापद चालतं. म्हणून भाषांतर करताना आधी कर्म बघा, मग मराठी क्रियापद निवडा.

'शी शार्पन्ड द नाइफ' म्हणजे तिने सुरीला धार लावली. 'चेस शार्पन्स द माइंड' याचं 'बुद्धिबळाने बुद्धी तल्लख होते' हे भाषांतर मला जास्त आवडतं. मोबाइलमध्ये फोटो शार्पन करतात तेव्हा ना टोक असतं ना धार, फक्त कडा स्पष्ट दिसू लागतात. आता 'हिज व्हॉइस शार्पन्ड' हे वाक्य बघा. इथे कर्मच नाही. त्याचा आवाज आपोआप करडा झाला. असं वाक्य उताऱ्यात आलं की मुलं अडतात, कारण धार कशाला लावली तेच सापडत नाही.

आता वहीत मराठी करा :
१) प्लीज शार्पन धिस ॲक्स.
२) रीडिंग शार्पन्स युवर मेमरी.
३) हू शार्पन्ड माय पेन्सिल?