पाला फुकट, कोंबडी विकत

परसात चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्यांची एक ठाम समजूत असते: बागेतला पाला घातला की खाद्याचा खर्च अर्ध्यावर येतो. आधी हा हिशेबच मांडू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. पाच कोंबड्यांना महिन्याला साडेसोळा किलो. किलोला 40 रुपये धरले, तर 660 रुपये (तुमच्या गावचा भाव वेगळा असेल, तो घाला). आता प्रत्येकीला रोज 30 ग्रॅम हिरवा पाला दिला असं समजा. पाल्यात बहुतेक पाणीच. पाचव्या हिश्शाइतकं सुकं अन्न धरलं, तरी महिन्याकाठी पाचही कोंबड्यांच्या पोटात 900 ग्रॅम जातं. म्हणजे बचत 36 रुपये.

मग पाला घालायचा कशाला? पिवळ्याधमक बलकासाठी, आणि कोंबड्यांना दिवसभर उद्योग मिळावा म्हणून. कामाविना कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात. खाद्याची खरी बचत होते ती मोकळं सोडल्यावर. वाळवी, किडे, गांडुळं, सांडलेली कणी त्या स्वतः शोधून खातात.

लावायचाच असेल तर पहिला शेवगा. पावसाळ्याच्या तोंडावर शेजाऱ्याकडून हाताच्या मनगटाएवढी जाड फांदी मागून आणा आणि रोवा. खर्च शून्य. शेवग्याच्या पाल्यात प्रथिनं भरपूर असतात आणि कोंबड्या तो आवडीने खातात. डहाळी उंचावर टांगा, म्हणजे पाला मातीत तुडवला जात नाही. लसूणघास, मेथी, कोथिंबिरीचे देठ, कोबीची वरची पानं, मुळ्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं यांतलं काहीही चालतं. गवत मात्र बोटभर कापून द्या. लांब धागे गळ्याच्या पिशवीत गुंता करून बसतात. पालक अधूनमधूनच द्या, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, ते कोंबडीला रोज कुठून तरी मिळायला हवं. वापरलेली कवचं वाळवून बारीक कुटून परत घाला. कुटायचा कंटाळा करू नका, अख्खी कवचं पाहून कोंबड्यांना स्वतःची अंडी फोडायची सवय लागते.

झेंडूच्या पाकळ्यांनी बलक छान रंगतो. तयार खाद्यातही त्यांचा अर्क घालतात. पण दसऱ्याचं उतरवलेलं तोरण खुराड्यात टाकू नका. बाजारच्या फुलांवर फवारणी असते, आणि त्यातला दोरा किंवा तार कोंबडी गिळते. दारचा झेंडू असेल तरच घाला.

आता विषारी झाडं. कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) यांचा प्रत्येक भाग हृदयावर घात करतो. एरंडाच्या बिया, गुंजा, धोतरा, रुई, घाणेरी हेही टाळायचेच. टोमॅटो पिकलेला द्या, त्याचा पाला नको. बटाट्याची हिरवी साल, कच्चा राजमा, कच्चा अळू आणि सुरणाची सालंही नकोत. कुंडीत शोभेला ठेवलेला डिफेनबॅकिया अळूच्याच कुळातला, तोंडाची तशीच आग करणारा. हल्ली रोपवाटिकांत अ‍ॅव्होकॅडोची रोपं मिळतात. त्याची पानं आणि साल पक्ष्यांना घातक. सुबाभूळ शेळ्यांना घालतात म्हणून कोंबड्यांनाही रोज घालू नका. त्यातल्या मिमोसिनने अंडी कमी होतात.

तरीही कुंपणाची कण्हेर तोडायला धावू नका. मोकळी, पोट भरलेली कोंबडी कडू पाल्याला सहसा तोंड लावत नाही. धोका असतो तो छाटणीचा. कुंपण छाटून तो ढीग बंद खुराड्यात ढकलला, की उपाशी आणि कंटाळलेल्या कोंबड्या पुढ्यात येईल ते टोचतात. तलंगा आणि पिल्लांना तर अनुभवही नसतो. अंड्यावर आलेल्या गावठी कोंबडीचे चारशे-पाचशे रुपये धरले, तर एक कोंबडी दगावल्यावर पाल्याची वर्षभराची बचत गेली.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर आणि कुंडीतल्या दाणेदार कीटकनाशकावरही लक्ष ठेवा. ते दाणे कोंबडीला धान्यासारखेच दिसतात. नवं रोप काही आठवडे जाळीआड राहू द्या. विकतची जाळी परवडत नसेल तर जुनं मासेमारीचं जाळं किंवा साडी चालते, आणि खोडाभोवती दगड रचले की कोंबड्या मुळं उकरत नाहीत.

कोंबडी मान टाकून बसली, लाळ गळू लागली, पाय लुळे पडले, तर घरगुती काढे पाजत बसू नका. उरलेला पाला लगेच काढून घ्या, बाकीच्या कोंबड्या वेगळ्या करा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जाताना कोंबडीबरोबर ती संशयित डहाळीही पिशवीत घालून न्या.