छातींतील यंत्र आणि मनांतील भय

शास्त्रभाग : १ राजे १९:१-१८, २ राजे २०:१-७.
पाठ करण्याचें वचन : स्तोत्र ५६:३.



हृदयाची गति मंद झाल्यामुळें ज्यांच्या छातींत पेसमेकर नांवाचें यंत्र बसविलें आहे, असे लोक आतां आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतहि आढळूं लागले आहेत. शस्त्रक्रिया नीट पार पडते, थोड्याच दिवसांत रोगी घरीं येतो, मंडळी देवाचे आभार मानते. परंतु रात्र झाली म्हणजे त्याच रोग्याचा डोळा लागत नाहीं. तो मनगटावर बोट ठेवून ठोके मोजीत बसतो. यंत्र मध्येंच बंद पडलें तर? तार निसटली तर? अशा वेळीं एखादा शेजारी देवऋष्याकडून दोरा आणण्याची गोष्ट काढतो, आणि एखादा ख्रिस्ती बंधु म्हणतो, "विश्वास असता तर भीति कशाला वाटली असती?" ह्या दोघांनाहि काय उत्तर द्यावें, हें आज पाहूं.

१. यंत्राचें काम काय?

पुष्कळ भय अज्ञानांतून उपजतें. देवानें हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यांत एक लहानसें केंद्र ठेविलें आहे. तेथून निघणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रेरणेनें हृदय विसांव्याच्या वेळीं मिनिटास सुमारें ६० ते १०० ठोके देतें. हें केंद्र थकलें किंवा प्रेरणेची वाट अडली म्हणजे ठोके मंद होतात, घेरी येते, शुद्ध हरपते. पेसमेकर हें आगपेटीएवढें बॅटरीचें यंत्र बहुधा गळ्याच्या हाडाखालीं, कातडीच्या आंत ठेवितात, व त्याची तार शिरेंतून हृदयापर्यंत नेतात. त्यासाठीं छाती उघडावी लागत नाहीं. हृदय आपण होऊन ठोका देत असलें तर यंत्र बहुधा गप्प राहतें. ठोका चुकला म्हणजे तें हलकी प्रेरणा देतें. गाडी ओढतो तो बैलच; तो थबकला म्हणजे गाडीवान त्याला हात लावतो, तसेंच हें आहे.

बॅटरी बहुधा ८ ते १० वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक चालते, आणि ती उतरूं लागल्याचें नेमलेल्या तपासणींत आगाऊ कळतें. म्हणून तपासणीची तारीख कधीं चुकवूं नये.

असें यंत्र मनुष्याच्या शरीरांत प्रथम बसविलें गेलें तें ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं, स्वीडन देशांतील स्टॉकहोमजवळ. शस्त्रवैद्य सेनिंग, यंत्र करणारे एल्मक्विस्ट, आणि रोगी आर्ने लार्सन. तें पहिलें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें. पुढें लार्सन ह्यांना वीसांहून अधिक यंत्रें लागलीं. तरी ते २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले, आणि त्यांचा अंत हृदयाच्या नव्हे, तर दुसऱ्याच रोगानें झाला.

२. उपाय करणें हा अविश्वास आहे काय?

हिज्कीया राजा मरणोन्मुख असतां त्यानें रडून प्रार्थना केली. देवानें ती ऐकली व त्याला आणखी १५ वर्षें देण्याचें वचन दिलें. वचन मिळाल्यावर यशयानें काय केलें? अंजिरांची ढेप आणवून ती गळवावर बांधविली. वचनहि देवाचें, अंजीरहि देवाचें. तर मग आपल्या बंधूनें "मी बॅटरीवर जगतों" असें म्हणून खिन्न कां व्हावें? आपण सारे भाकरीवर व पाण्यावर जगतों, म्हणून कोणी भाकरीला आपला देव म्हणत नाहीं. परंतु ज्यानें हा उपाय दिला, त्याच्यावर भरंवसा न ठेवितां गळ्यांत दोरा बांधणें, हा मात्र खरा अविश्वास होय.

कित्येकांना असेंहि भय वाटतें कीं, मरणसमयीं हें यंत्र प्राण अडकवून ठेवील. तसें होत नाहीं. देह थकून गेला म्हणजे हृदयाचे स्नायु यंत्राच्या प्रेरणेस उत्तर देत नाहींत. जाण्याची वेळ ठरविणें हें बॅटरीच्या हातीं नाहीं.

३. भ्यालेल्या सेवकाशीं देव कसा वागला?

एलीया भित्रा मनुष्य नव्हता. तरी ईजबेलीच्या धमकीनें तो पळाला, आपल्या चाकराला बैर-शेबा येथें मागें ठेवून एकटाच रानांत गेला, आणि रतामाच्या झुडपाखालीं बसून त्यानें मरण मागितलें. देवानें त्याला दोष देऊन आरंभ केला नाहीं. आधीं त्याला झोंप दिली; दूतानें उठवून भाकर व पाणी दिलें; पुन्हा निजूं दिलें व पुन्हा जेवूं घातलें. पुढें होरेबांत त्याला प्रश्न विचारून त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें, आणि मग त्याला काम व सोबती दिला. आपणहि ह्याच क्रमानें चालावें.

प्रथम देह. यंत्राच्या बाजूचा हात सुमारें ४ ते ६ आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस, खांद्याच्या वर नेऊं नये. त्या हातानें पाणी शेंदूं नये, ओझें उचलूं नये. पण तो अगदीं बांधूनहि ठेवूं नये, नाहीं तर खांदा आखडतो. मोबाइल छातीवरच्या खिशांत न ठेवितां दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. वेल्डिंग व मोठें लोहचुंबक ह्यांपासून दूर राहावें. घरांतील दिवा, पंखा, दूरदर्शन ह्यांचें भय नाहीं. जखम लाल होणें, सुजणें, पू येणें, ताप किंवा घेरी येणें, शुद्ध जाणें, ह्यांपैकीं कांहीं झालें तर प्रार्थना करीत करीत ताबडतोब रुग्णालय गांठावें. घरीं बसून वाट पाहूं नये.

मग मन. रोग्यानें आपलें भय देवापुढें व घरच्यांपुढें उघड बोलावें. ठोके मोजण्याची वेळ डॉक्टरांनीं सांगितली असेल तेवढीच ठेवावी. बाकी वेळीं बोट मनगटावरून काढून हात जोडावे व सावकाश श्वास घ्यावा. पुष्कळांचें भय कांहीं आठवड्यांत ओसरतें. तें न ओसरलें, झोंप उडाली, जीव नकोसा वाटूं लागला, तर तेंहि डॉक्टरांना सांगावें. मनाच्या दुखण्याचें औषध हीहि अंजिरांची ढेपच आहे. त्यांत लाज नाहीं.

शेवटीं सोबत. एलीयाला वाटलें, आपण एकटेच उरलों. देवानें त्याला ७,००० जणांची आठवण दिली. उपदेशक बंधूंनो, अशा घरीं संध्याकाळीं जा, कारण भय अंधाराबरोबर येतें. अमक्याचें यंत्र कसें बिघडलें ह्या गोष्टी तेथें सांगूं नका. एक स्तोत्र वाचा, थोडी प्रार्थना करा, अधिक ऐका. घरांत पाणी भरून द्या. तपासणीच्या दिवशीं बरोबर जा. पाठ करण्याच्या वचनांत भय वाटणार नाहीं असें म्हटलेलें नाहीं. भय वाटेल त्या दिवशीं कोणाकडे वळावें, एवढेंच तें शिकवितें.

मननासाठीं प्रश्न

१. एलीयाशीं बोलण्यापूर्वीं देवानें त्याच्यासाठीं काय केलें?
२. वचन मिळाल्यावरहि हिज्कीयाला उपाय कां करण्यांत आला असावा?
३. आपल्या मंडळींत रात्रीं जागणारा रोगी कोण आहे, व ह्या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल?